झुंजार, काळा पहाड आणि बाबूराव

सुरुवातीला एक गणित. घाबरू नका, एम-थ्रीचं नाही, तोंडी सुटणारं आहे. एका माणसाने आयुष्यात हजारावर पुस्तकं लिहिली. समजा तो चाळीस वर्षं खंड न पाडता लिहीत होता. तर वर्षाला किती झाली? पंचवीस. म्हणजे साधारण दर पंधरवड्याला एक! आता एक पुस्तक नुसतं शंभर पानांचं धरा, तरी पानं होतात एक लाख. आपलं एका सेमिस्टरचं जर्नल आठवा. ते तर शेजारच्याचं समोर ठेवून उतरवायचं असतं, तरी सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आपण रडत बसतो.

तो माणूस म्हणजे बाबूराव अर्नाळकर. पुस्तकांचा आकडा कुणी १०४२ सांगतं, कुणी नुसतं हजाराच्या वर म्हणून सोडून देतं. गिनीज बुकाचा उल्लेख तर त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात सापडतो. पण माझ्या वर्गात मी हे नाव घेतलं तेव्हा सत्तर जणांतल्या दोघांनी ऐकलेलं होतं. त्यातल्या एकाला वाटत होतं की ते क्रिकेटची कॉमेंटरी करायचे. म्हणून हा लेख.

बाबूरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६ चा. अर्नाळा हे वसईकडचं समुद्रकाठचं गाव, समोर बेटावर किल्ला आहे. टोपणनावातलं अर्नाळा ते हेच. चव्हाण हे आडनाव कागदोपत्री राहिलं आणि महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते अर्नाळकर म्हणून. रहस्यकथा लिहिणाऱ्याचं स्वतःचंच नाव वेषांतर केलेलं असावं, हे मला फार आवडलं.

त्यांची पात्रं मात्र त्यांच्यापेक्षा मोठी झाली. पहिला मान झुंजारचा. झुंजार हा देखणा, श्रीमंत, हजरजबाबी माणूस. कायद्याच्या रेषेच्या थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. काळे धंदे करून गबर झालेल्यांना तो लुटतो, गरिबाच्या पदरात टाकतो आणि पोलीस दारात आले की शांतपणे त्यांना बसायला सांगतो. सोबत त्याची बायको विजया. ती नुसती चहा आणणारी नाही, धाडसात बरोबरीने उतरणारी आहे. त्या काळातल्या मराठी कादंबरीतल्या नायिका आठवून बघा, म्हणजे हे किती वेगळं होतं ते कळेल. दुसरा काळा पहाड. रात्री काळ्या कपड्यांत फिरणारा, कुणाच्याही हाती न लागणारा. आणि तिसरी जोडी धनंजय आणि छोटू. धनंजय डोकं चालवणार, छोटू त्याच्याबरोबर धावणार आणि आपल्यासारखे चुकीचे तर्क करणार.

इथे एक गंमत सांगतो. आपल्या भाषेत गुप्तहेर हा शब्द दोघांनाही चालतो. शत्रूच्या मुलखात जाऊन बातमी आणणारा तो गुप्तहेर आणि चोरीचा छडा लावणारा खाजगी डिटेक्टिव्ह तोही गुप्तहेर. इंग्रजीत या दोन कथांची कपाटं वेगवेगळी असतात. आपल्याकडे बहिर्जी नाईकांपासून धनंजयपर्यंत सगळे एकाच शब्दाखाली येतात. त्यामुळे मराठीत बाँडसारखे हेर कुठे आहेत असं कुणी विचारलं, की जुने वाचक सरळ अर्नाळकरांकडे बोट दाखवतात. काटेकोर बोलायचं तर झुंजार हा हेर नाहीच. पण वेषांतर, पाठलाग, तळघर, बंद गाडी, खोटं नाव, हा सगळा माल तोच आहे.

आता मुद्द्याचं. बाबूरावांवर आयुष्यभर एक आरोप झाला की हे सगळं इंग्रजीतून उचललेलं आहे. आरोप खोटा नाही. धनंजय आणि छोटू यांच्यामागे होम्स आणि वॉटसन उभे आहेत हे लहान पोरालाही दिसतं. ब्रूस ग्रेम नावाच्या इंग्रज लेखकाने १९२५ मध्ये ब्लॅकशर्ट हा नायक आणला. दिवसा नामवंत लेखक, रात्री काळ्या वेषातला चोर. त्याच्या कथा चाळल्या की काळा पहाड कुठल्या डोंगररांगेतला आहे ते लक्षात येतं. एडगर वॉलेस, कॉनन डॉइल या मंडळींचा वावर त्या काळच्या सगळ्याच रहस्यकथांत आहे. रूपांतर ही तेव्हा मराठीत नवी किंवा लाजिरवाणी गोष्टही नव्हती. नाटकवाले तर शेक्सपिअर आणि मोलियर यांना धोतर नेसवून कधीचेच रंगमंचावर आणत होते.

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तर आपल्या भाषेत बोलू. परदेशी मशीन आणायचं, खोलायचं, एकेका पार्टचं मोजमाप घ्यायचं आणि इथल्या लोखंडात, इथल्या लेथवर, इथल्या व्होल्टेजवर चालेल असं नवीन उभं करायचं. याला आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो आणि सेमिनारमध्ये त्यावर टाळ्या घेतो. ज्याने हे केलंय त्याला विचारा, नुसतं ड्रॉइंग कॉपी करून मशीन चालत नाही. लंडनचं धुकं मुंबईत नाही. तिथला लॉर्ड इथे कोण होणार? तिथला बटलर इथे घरगडी झाला तर मालकाशी कसा बोलेल? तिथे तरुण-तरुणी हॉटेलात नाचतात, मग त्या जागी इथे काय घालायचं? क्लब, रेस, मोटारी, टेलिफोन, बंदरावरचा माल, शेअर बाजारातला सटोडिया, हे मुंबईत होतं. बाबूरावांनी कथा त्यावर बसवली. आणि वाक्यं लिहिली तीही अशी छोटी, पळती, की वाचणारा अडखळूच नये. हे कौशल्य मी तरी कमी मानत नाही. हजार कथा एकसारख्या चांगल्या असतील असं मुळीच नाही. मी ज्या मोजक्या वाचल्यात त्यातल्या दोन तर शेवटी घाईत गुंडाळलेल्या आहेत, खलनायक अचानक सगळं कबूल करून मोकळा होतो. पंधरा दिवसांत एक पुस्तक म्हटल्यावर दुसरं काय होणार?

जगात तेव्हा काय चाललं होतं तेही बघू. जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग बाबूरावांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान, जन्म १९०८ चा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, म्हणजे हेरगिरीचं ऑफिस त्याने आतून पाहिलेलं. पहिली बाँडकथा १९५३ मध्ये आली आणि १९६४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, तो गेला. बाँडची त्याची पुस्तकं एकूण चौदा. त्यातल्या दोन कथासंग्रह. चौदा पुस्तकांवर दोन पिढ्या सिनेमे चालले, घड्याळं आणि मोटारी विकल्या गेल्या. आगाथा ख्रिस्तीच्या रहस्य कादंबऱ्या सहासष्ट. आणि आपल्याकडे हजार पुस्तकांवर काय चाललं? वाचनालयं चालली. भाड्याने पुस्तकं देणारी गल्लीबोळातली दुकानं चालली. कारण १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर माणसं शंभरात अठरा होती आणि त्या अठरातल्या बहुतेकांना पुस्तक विकत घेणं परवडत नव्हतं. एक प्रत गल्लीभर फिरायची. तिच्या पानापानाला वेगवेगळ्या घरांचा वास असायचा.

या वाचकांबद्दल फार कुणी लिहीत नाही. मला लिहिता येईल, कारण मी नरडाण्याचा आहे आणि माझे आजोबा त्यातलेच एक होते.

नरडाणा माहीत नसणाऱ्यांसाठी: सुरत-भुसावळ लाईनवर अमळनेरकडून येताना बेटावद सोडलं की आमचं स्टेशन. तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. आता आमचं नाव एमआयडीसीमुळे घेतलं जातं. आजोबांच्या तरुणपणी होता तो कापूस, ज्वारी आणि दिवसातून मोजक्या वेळा येणारी पॅसेंजर. आजोबांचं शिक्षण चौथी. कामासाठी अमळनेरला जाणं व्हायचं, तिथल्या बाजारात एक दुकान भाड्याने पुस्तकं द्यायचं. ज्या अमळनेरला साने गुरुजींनी मास्तरकी केली, त्याच गावातून आमच्या घरी झुंजार आला! घरात गुरुजींचं एक पुस्तक होतं, ते देवळीत हळदीकुंकवाशेजारी ठेवलेलं. अर्नाळकर मात्र धान्याच्या कोठीवर, पणजोबांना दिसणार नाहीत असे. कादंबरी वाचणं म्हणजे बिघडणं असा हिशोब होता.

रात्री जेवणं झाली की ओट्यावर कंदील यायचा आणि शेजारचे पाच-सहा जण जमायचे. त्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. आजोबा वाचून दाखवायचे. पण पुस्तक होतं शुद्ध मराठीत, तेही मुंबईचं, आणि ऐकणारे सगळे अहिराणी बोलणारे. मग आजोबा वाचता वाचताच अहिराणी करत जायचे. डोळे छापील ओळीवर आणि तोंडातून निघायची आमची भाषा. मलबार हिल म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, तर तो बंगला ते अमळनेरच्या एखाद्या शेठजीच्या हवेलीसारखा सांगायचे. समुद्र कुणी पाहिला नव्हता, तर बंदरावरची मारामारी तापीच्या पात्रात व्हायची. पिस्तूल मात्र पिस्तूलच राहायचं.

हे मला आजीने सांगितलं. आजोबा २०१६ मध्ये गेले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला या विषयात रस नव्हता. आजी त्या मंडळीत बसायची नाही, बाईने ओट्यावर बसायची पद्धत नव्हती. ती दाराच्या आत लसूण सोलत, वाती वळत ऐकायची. तिला अक्षरओळख नाही. पण झुंजार आणि विजयाच्या कितीतरी गोष्टी तिला आजही पाठ आहेत आणि खरा गुन्हेगार कोण हे तिला आजोबांच्या आधी कळायचं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ती हळूच सांगून टाकायची आणि आजोबा चिडायचे.

भाड्याच्या पुस्तकांचा एक रोग होता. पहिलं आणि शेवटचं पान आधी जायचं. बाइंडिंग सुटलं की कधीकधी शेवटचा अख्खा फर्माच गायब, म्हणजे सोळा पानं. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं! एकदा असंच झालं. ओट्यावर माणसं बसलेली, खून कुणी केला ते कळायची वेळ आली आणि आजोबांच्या हातात पुढे काहीच नाही. त्यांनी थांबून सांगितलं नाही. न दिसणाऱ्या पानांवर नजर ठेवून ते वाचतच राहिले. म्हणजे शेवट त्यांनीच रचला, तिथल्या तिथे. मंडळी खूश होऊन घरी गेली. आजीला मात्र शंका आली, कारण गोष्टीतल्या झुंजारने दोषी माणसाला पोलिसांत न देता सगळ्या गावासमोर पंचांपुढे उभं केलं होतं. मुंबईत कुठले पंच? तिने विचारलं तेव्हा आजोबांनी हसून पुस्तक दाखवलं. खरा शेवट काय होता हे दोघांनाही कधी कळलं नाही. ते पुस्तक दुकानात परत गेलं, आणि वरचं कव्हर नसल्यामुळे त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

ही गोष्ट ऐकल्यापासून मला त्या उचलेगिरीच्या आरोपाचं फारसं काही वाटेनासं झालंय. लंडनमधल्या कुणाच्या तरी कल्पनेतली गोष्ट बाबूरावांनी मुंबईला आणली. ती रेल्वेने अमळनेरला आली. तिथून आजोबांनी ती नरडाण्याला नेली आणि शेवटी त्यात गावचे पंच बसवले. यातला चोर नेमका कोणता? प्रत्येकाने आपल्या ऐकणाऱ्यासाठी मेहनत केलेली आहे.

तरी मोठ्या साहित्यात बाबूरावांना जागा मिळाली नाही. तो काळ फडके आणि खांडेकरांचा. कला कलेसाठी की जीवनासाठी यावर मासिकांतून घनघोर वाद चालायचे. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिलाच, आणि तो योग्यच होता. पण त्या वादात तिसऱ्या माणसाचं नावच नव्हतं, ज्याची पुस्तकं वाचनालयाच्या कपाटात ठरत नव्हती. कॉलेजच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. मोठ्या ग्रंथालयांनी असली पुस्तकं जपून ठेवण्यासारखी मानली नाहीत, आणि भाड्याच्या दुकानांतल्या प्रती तर वाचून वाचूनच संपल्या. नुकसान इथेच झालं. जो लेखक कुणी उघडला नाही त्याची पुस्तकं शंभर वर्षांनी कोरी करकरीत सापडतात. अर्नाळकरांच्या हजारातली किती आज धड, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सापडतील? काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, त्या मिळतात. बाकीच्यांसाठी रद्दीची दुकानं आणि जुन्या पुस्तकांचे शौकीन. या शौकिनांची एक वेगळीच जमात आहे. एकेका झुंजारसाठी ते अर्धा दिवस धुळीत घालवतात, कव्हरवरचं चित्र बघून पुस्तक ओळखतात आणि सापडलेलं पुस्तक मित्रालासुद्धा हातात देत नाहीत, लांबून दाखवतात.

पुढची पिढी आली ती याच वाटेने. एस. एम. काशीकर आले. गुरुनाथ नाईक आले, त्यांनी बाबूरावांचा आकडाही मागे टाकला, बाराशेच्या वर. त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करातला, म्हणजे इथे मराठी रहस्यकथा खऱ्या अर्थाने सीमेवर आणि शत्रूच्या मुलखात जाऊन पोचली. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन तर आपल्या होस्टेलवर अजूनही फिरतात. ‘दुनियादारी’ वाचून शिरवळकरांकडे आलेली पोरं तिथून मागे सरकत सरकत कधीतरी झुंजारपर्यंत येतात. नाईक २०२१ मध्ये गेले, शिरवळकर त्याआधीच, २००३ मध्ये.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर हळूहळू ओट्यावरचे कंदील विझले असं म्हणायला सोपं आहे. आमच्याकडे तरी टीव्ही फार उशिरा आला आणि तोपर्यंत ऐकणारी मंडळीच पांगली होती. कुणी सुरतेला कापड मिलमध्ये, कुणी नाशिकला. आजोबांनी वाचणं सोडलं ते डोळ्यांमुळे.

बाबूराव स्वतः पूर्ण आयुष्य जगले. ५ जुलै १९९६ ला ते गेले, तेव्हा नव्वदी पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे वाचक म्हातारे झाले, दुकानं बंद झाली, झुंजारच्या जागी केबलवरचे नायक आले. त्यांच्यासोबत वाढलेल्या वाचकांना ती बातमी घरातलं माणूस गेल्यासारखी वाटली असणार. आजी सांगते की आजोबांना ती काही दिवसांनी कळली, कुणाच्या तरी हातातल्या शिळ्या पेपरातून. त्या रात्री त्यांनी पुस्तक नसताना एक जुनी कथा पहिल्यापासून सांगितली. ऐकायला आजी एकटीच होती, आणि यावेळी ओट्यावर बसून.

आता एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण शिरपूर, दोंडाईचा, चोपडा, पारोळा, नंदुरबारकडचे आहात. दिवाळीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. झुंजार, काळा पहाड, धनंजय, जे सापडेल ते, कव्हर नसलं तरी, अर्धं असलं तरी घेऊन या. मासिकाच्या खोलीत स्कॅनर आहे, पुस्तक त्याच दिवशी परत मिळेल. आणि एखाद्या कथेत ऐन शेवटी खून कुणी केला हे ठरायचं असताना मधेच बंदरावर मारामारी होत असेल, तर ते पुस्तक आधी मला दाखवा. आजी वाट बघतेय.